टॅक्सच्या ऑफिसातला पासपोर्ट

फेब्रुवारी लागला की आमच्या जेवणाच्या टेबलाची तहसील कचेरी होते. शनिवारी सकाळपासून आमच्या कॉम्प्लेक्समधली तरुण जोडपी एका हातात कागदांचं पाकीट आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन यायला लागतात. कुणाच्या डब्यात चिंचभात, कुणाच्या डब्यात गोंगुऱ्याची चटणी. टेबलाच्या टोकाला आमचे हे, म्हणजे कोटेश्वरराव, चष्मा नाकावर ओढून बसलेले. डॅलसच्या ह्या भागातले निम्मे तेलुगू त्यांना आदरानं राव गारू म्हणतात आणि टॅक्सचे फॉर्म त्यांच्याकडून भरून घेतात. ते कुणाकडून पैसा घेत नाहीत. त्यांना फी नको असते, मान हवा असतो, आणि मान फीपेक्षा महाग पडतो हे मी लग्न झाल्यापासून बघतेय.

त्या वर्षी मार्चच्या मध्यावर फणींद्र आणि हिमबिंदू पहिल्यांदाच आले. फणींद्र एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा. किडकिडीत, कमी बोलणारा, आणि खरं बोलायची वेळ आली की नको तेवढं खरं बोलणारा. बिंदू हैदराबादच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. नवऱ्याच्या व्हिसावर आली आणि इथं तिला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात येऊन मला फिजिक्स शिकवायची. डाळ उतू का जाते, तव्यावर पाणी का नाचतं. मला मुलगी नाही. त्यामुळं मी ऐकून घ्यायची.

दोघांची जात वेगळी. बिंदूचे वडील सांबशिवराव गुंटूरच्या मिरची बाजारातले अडत्ये, गावात वजन असलेला माणूस. पोरगी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी बाजारात उभं राहून सांगून टाकलं की मला एकच मुलगी, धाकटी. ह्या दोघांनी मग चार मित्र घेऊन देवळात हार घातले. मुहूर्त नाही, सनई नाही. बिंदूची आई तेवढी गच्चीवर जाऊन चोरून फोन करायची.

"लग्न झालंय ना तुझं?" आमच्या ह्यांनी फणींद्रला विचारलं. "मग एकट्याचा फॉर्म का आणलास? दोघांचा मिळून भर. बराच टॅक्स परत मिळेल."

"राव गारू, ती ऑक्टोबरमध्ये आली. वर्षभर इथं नव्हतीच."

"नसू दे. दोघांनी सह्या करून लिहून द्यायचं, की हिला वर्षभर इथलीच धरा. कायदा धरतो."

बिंदूला हसू फुटलं. मला म्हणाली, "बघा अक्का, इथलं सरकार मला न येताच घरची मानतं. आमचे नान्ना जन्माला घालून मानत नाहीत."

हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

अडचण एकच होती. दोघांचा फॉर्म भरायचा तर बिंदूला टॅक्सवाल्यांचा नंबर हवा, आणि नंबर हवा तर तिचा मूळ पासपोर्ट त्यांना दाखवायला हवा. झेरॉक्स चालत नाही. फणींद्रकडे नोकरीमुळं नंबर होताच, म्हणून त्याच्या पासपोर्टला कुणी विचारत नव्हतं. बिंदूचा दाखवायचे दोन रस्ते होते. एक, शहरातल्या ऑफिसात वेळ ठरवून जायचं. तिथला माणूस पासपोर्ट बघतो आणि तिथल्या तिथं हातात परत देतो. दुसरा, फॉर्मबरोबर पासपोर्ट पोस्टानं पाठवून द्यायचा. दोनेक महिन्यांत तो परत येतो. फणींद्रनं फोनवर ताटकळून पहिल्या रस्त्याची वेळ मिळवली होती. मंगळवार, दुपारी तीन.

आमच्या ह्यांनी भिंतीवरचं तेलुगू मंडळाचं कॅलेंडर खाली काढलं. बोट फिरवलं आणि मान हलवली. "मंगळवारी तीनला राहुकाळ सुरू होतो. अगदी तीनला."

"राहूला इथला व्हिसा कुणी दिला?" मी म्हटलं.

"तू चेष्टा करू नकोस. मुलीचं ह्या देशातलं पहिलं सरकारी काम. राहुकाळात कशाला?"

फणींद्र असलं काही मानत नाही. तो म्हणाला, "मला चालेल की. ह्याच्यानंतरची वेळ फॉर्म भरायची मुदत संपल्यावरची आहे."

तो जाणारच होता. त्याला थांबवलं बिंदूनं. "अहो, आपल्या लग्नाला कुणी मुहूर्त बघितला नाही," ती हळूच म्हणाली. "एक तरी गोष्ट बघून करू या ना."

फणींद्रनं लगेच मंगळवारची वेळ रद्द केली. गुरुवारी सकाळी, चांगल्या घटकेला, आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं पाकिटाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं आणि फणींद्रनं ते नोंदणी करून पोस्टात टाकलं. ह्यांनी आजवर कितीतरी जणींचे पासपोर्ट असे पाठवले होते आणि सगळे परत आले होते. "काळजी करू नका," ह्यांनी सांगितलं. ज्याला कुठं जायचं नसतं त्याला काळजी करायचं कारणही नसतं.

एप्रिलच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी बिंदू दोन वेगवेगळ्या चपला घालून माझ्या दारात उभी राहिली. मी तव्यावर मुगाचा पेसरट्टू घालत होते. तिला बोलताच येईना. मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"अक्का, नान्नांचा फोन आला. स्वतः केला. धाकट्या स्रवंतीचं लग्न ठरलं, वैशाखात. म्हणाले, दोघं या. तिकीट काढ."

"दोघं म्हणाले?"

"दोघं म्हणाले." मग पुन्हा, मी काही विचारलं नसताना, "दोघं म्हणाले अक्का."

तव्यावरचा पेसरट्टू करपला, करपू दिला. मी तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तिच्यामागून फणींद्र जिना चढून आला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं त्याला जायचं नाही. तो दारातच थांबला आणि एवढंच म्हणाला, "पासपोर्ट."

बिंदूच्या तोंडात गूळ तसाच राहिला.

तरी तेव्हा आम्हाला धीर होता. लग्नाला महिना होता. येईल की तोवर, सगळ्यांचा येतो. बिंदूनं साड्या काढून ठेवल्या, फणींद्रनं रजा मागून ठेवली. सासऱ्यांसाठी त्यानं एक घड्याळ घेतलं आणि मला दाखवायला आणलं. "फार भारी दिसत नाही ना? त्यांना वाटायला नको, पैशाचा तोरा दाखवतोय." रोज दुपारी बिंदू पत्रपेट्यांपाशी जाऊन उभी राहायची. पोस्टमनशी तिची ओळख झाली, त्याच्या बायकोचं नाव तिला कळलं, पासपोर्ट काही आला नाही. टॅक्सच्या ऑफिसला फोन लावला तर तिथली बाई गोडपणे सांगायची की ह्या दिवसांत गर्दी असते, वाट बघा.

सांबशिवरावांना मात्र वाट बघायची सवय नव्हती. तिकीट काढलंस का, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं, दोनदा बिंदूनं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा फोन येणार म्हटल्यावर ती आमच्याकडेच आली. राव गारू शेजारी असले तर ते नीट समजावतील, असं तिला वाटलं. आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो आणि तिनं फोन मधोमध ठेवला.

"नान्ना, पासपोर्ट आला की लगेच काढते."

"कुठून यायचाय पासपोर्ट?"

"टॅक्सच्या ऑफिसातून."

पलीकडे बाजारातला गोंगाट होता. हमाल ओरडत होते. सांबशिवराव कुठंतरी बाजूला गेले असावेत, आवाज कमी झाला.

"टॅक्सवाले पासपोर्ट कशाला घेतील? मी जन्मभर टॅक्स भरतोय. ते पैसे घेतात, वह्या घेतात, एकदा तर माझ्याच दुकानात बसून जेवून गेले. पासपोर्ट कुणी मागितला नाही."

"इथं तशी पद्धत आहे नान्ना. मला नंबर मिळायला—"

"त्याचा पासपोर्ट कुठंय?"

बिंदूनं फणींद्रकडे बघितलं. "त्याचा घरी आहे."

"त्याचा घरी आहे, आणि तुझा टॅक्सवाल्यांकडे."

"त्याच्याकडे नंबर आधीपासून आहे ना, म्हणून."

"बिंदू, खरं सांग. तुझा पासपोर्ट त्यानं ठेवून घेतलाय का?"

ह्या प्रश्नाला कारण होतं. बिंदूनं नंतर मला सांगितलं की त्यांच्याच गल्लीतल्या एका मुलीला परदेशात नवऱ्यानं असंच डांबून ठेवलं होतं. पासपोर्ट कपाटात आणि किल्ली खिशात. वर्षभर गावभर तीच चर्चा होती. तीही मुलगी फोनवर आईबापांना सांगायची, पासपोर्ट ऑफिसात दिलाय, येईल. म्हणजे आमची बिंदू जे खरं बोलत होती ते शब्दन्‌शब्द दुसऱ्या कुणाचं खोटं होतं.

आमच्या ह्यांनी घसा साफ केला. "नमस्कार. मी कोटेश्वरराव बोलतोय. मूळचा तुमच्या गुंटूरशेजारच्या तेनालीचा."

"बोला."

"मुलगी म्हणते ते खरं आहे. पासपोर्ट पोस्टानं पाठवा असं मीच सांगितलं."

"तेनालीचे आहात आणि परक्या मुलीचा पासपोर्ट पोस्टात टाकायला सांगता? स्वतःच्या मुलीचा टाकला असता?"

ह्यांनी चष्मा काढला.

"त्यानं किती दिले तुम्हाला हे बोलायला?"

मी ह्यांना इतक्या वर्षांत नाही नाही ते बोलले असेन, पण असं कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं. ह्यांचे कान लाल झाले. फोनपासून ते मागं सरले आणि चष्मा पुसत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात फणींद्रनं फोन ओढून घेतला. मी हातानं नको नको केलं. "मामय्या, मी फणींद्र. पासपोर्ट मी पाठवला. दोघांचा फॉर्म एकत्र भरला तर टॅक्स परत मिळतो. त्यासाठी."

"म्हणजे पैशासाठी."

"हो."

एखादा चतुर माणूस हो म्हणाला नसता. काहीतरी गोल गोल बोलला असता.

"किती मिळणार होते?"

आणि ह्या वेड्यानं आकडा सांगितला. रुपयांत करून सांगितला, समोरच्याला सोपं जावं म्हणून.

"मी उद्या पाठवतो," सांबशिवराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "सगळे पाठवतो. माझी मुलगी पाठव."

फोन बंद झाला. बिंदू टेबलाच्या कडेला नखानं ओरखडत बसली. फणींद्रला एकदम कळलं की आपण काय बोललो, आणि तो सारखा म्हणायला लागला, "पण खरंच तेवढेच होते. खरंच तेवढेच." मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि पोटाशीही धरावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फणींद्र आणि आमचे हे गाडी घेऊन निघाले. ज्या ऑफिसात पासपोर्ट गेला होता ते आमच्याच राज्यात, गाडीनं सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचावं इतक्या अंतरावर. माणूस समोर उभा राहिला तर कुणी नाही म्हणणार नाही, असा ह्यांचा गुंटूरकडचा विश्वास. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना नम्रपणे परत पाठवलं. इथं खिडकीच नाही, इथं फक्त पोस्टानं येतं आणि पोस्टानं जातं. आमचे हे म्हणे त्याला लग्नपत्रिका दाखवत होते, फोनवरची, तेलुगूतली. त्यानं ती नीट बघितली, छान आहे म्हणाला आणि फाटक लावून घेतलं.

अजून एक रस्ता उरला होता. आपल्या वकिलातीत जाऊन पासपोर्ट हरवला म्हणून लिहून द्यायचं. मग घरी जाण्यापुरता तातडीचा कागद मिळतो. पण मग जुना पासपोर्ट रद्द, त्यातला व्हिसाचा शिक्काही गेला. नवा पासपोर्ट, नवा शिक्का, आणि त्या शिक्क्यासाठी तिकडे वर्ष वर्ष तारीख मिळत नव्हती.

"जा तू," फणींद्र म्हणाला. "लिहून दे हरवला म्हणून. लग्न पुन्हा होणार नाही. परतीचं बघू."

बिंदू नाही म्हणाली. तिनं मला एकटीला का ते सांगितलं, भांडी विसळता विसळता. "अक्का, ते मला आता लग्नाला बोलवत नाहीयेत. सोडवून न्यायला बघताहेत. परतीचा रस्ता तोडून मी त्या घरात गेले, तर ते माझं सामान कपाटात लावून टाकतील. मग मी किती सांगितलं तरी काय? लोक म्हणतील नवऱ्यानं हाकलली, आणि नान्ना म्हणतील मी आणली." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या मंगळवारी गेले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं." ह्यानंतर तिनं मंगळवारचा विषय कधी काढला नाही. आमच्या घरातलं मंडळाचं कॅलेंडर मात्र मी काढून टाकलं, आणि ह्यांनी ते कुठं गेलं म्हणून विचारलं नाही.

लग्न तिकडे संध्याकाळी होतं, म्हणजे आमच्याकडे सकाळी. हल्ली लग्नाची लिंक येते, घरबसल्या बघायची. आमचा टीव्ही मोठा म्हणून दोघं आमच्याकडे आली. बिंदूनं साडी नेसली होती, केसांत फुलं माळली होती. फणींद्रनं रेशमी धोतर नेसलं होतं. मी पुलावही केला, कारण लग्नाच्या घरी उपाशी कसं राहायचं.

सांबशिवरावांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणे, रुंद, पांढऱ्या मिशा. ते नव्या जावयाचे पाय धूत होते. फणींद्र पुढं वाकून बघत होता. मला ते बघवेना. मग मुहूर्ताची, जिरं-गूळ नवरानवरीच्या डोक्यावर ठेवायची घटका आली, सगळे उठून उभे राहिले, अक्षता उडाल्या. त्या गर्दीत कॅमेऱ्याच्या अगदी जवळ दोन बायका बोलत होत्या. त्या दिसत नव्हत्या, ऐकू मात्र स्पष्ट येत होत्या.

"थोरली नाही का आली?"

"कशी येणार? नवऱ्यानं पासपोर्ट कपाटात कोंडून ठेवलाय. वर बापाकडे पैसे मागितले म्हणे."

"काय सांगतेस! आणि शिकलेला ना तो?"

"शिकलेलेच असले असतात."

सनई चालू होती. मी रिमोट शोधायला लागले, तर फणींद्र म्हणाला, "राहू द्या अक्का. तिला बघू द्या." तेवढ्यात सांबशिवरावांनी मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. क्षणभरच. बिंदूनं टीव्हीसमोर हात वर केला आणि हलवला. मग तिलाच कळलं आणि तिनं हात खाली घेतला. पुलाव कुणी खाल्ला नाही.

पासपोर्ट मे महिना संपता संपता आला. पत्रपेटीत, एका साध्या पाकिटात, एक कोपराही न दुमडलेला. टॅक्सचे पैसेही आठवड्याभरात बँकेत जमा झाले. आमचे हे एवढंच म्हणाले की नियमाच्या मुदतीत आला, आणि मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून बाहेर गेले.

बिंदूनं वडिलांना फोन केला. आईनं उचलला आणि ते घरी नाहीत म्हणाली. मागं त्यांचा खोकला ऐकू येत होता. चारपाच वेळा असं झाल्यावर एकदा त्यांनी स्वतः घेतला.

"नान्ना, पासपोर्ट आला. मी येते आता."

"लग्न झाल्यावर कसा सुटला?"

"टॅक्सवाल्यांनी पाठवला नान्ना. मी फोटो काढून पाठवू का पाकिटाचा?"

"अजून तेच चाललंय तुझं? अजून त्यालाच पाठीशी घालतेस? मी तुझ्यासाठी दार उघडलं होतं, बिंदू. दोघांसाठी उघडलं होतं. माझ्याशी खोटं बोलणारी मुलगी मला नको."

त्यानंतर आई चोरून फोन करायची तोही थांबला. अधूनमधून कुणाकडून तरी निरोप यायचा की ते नीट जेवत नाहीत, दुकानात जात नाहीत, ओसरीवर बसून राहतात. बिंदूही इथं तशीच बसून राहायला लागली. फिजिक्स बंद झालं. डाळ उतू गेली तरी ती नुसती बघत राहायची.

एका संध्याकाळी मी गवार घेऊन बसले होते. फणींद्र कामावरून थेट आमच्याकडे आला, बिंदू होतीच. त्यानं हात धुतले, माझ्यासमोर बसला आणि गवार मोडायला लागला. त्याला घरकाम बरं जमतं.

"बिंदू," तो म्हणाला, "त्यांना सांग की मीच ठेवला होता."

"काय?"

"सांग की मी कपाटात ठेवला होता, आता दिला. भांडून घेतला म्हण."

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं. "एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही हे. जन्मात तुला त्या घराची पायरी चढता येणार नाही."

"आता तरी कुठं येतेय?" त्यानं शेंगेची शीर ओढली. "अक्का, खरं सांगून ती खोटी ठरतेय. हे खोटं सांगितलं तर ती खरी ठरते. मी त्यांना आधीपासून वाईटच वाटतो. नवीन काय सांगायचंय?"

"मी नाही सांगणार," बिंदू म्हणाली. "दोघं या म्हणाले होते ते. दोघं म्हणाले होते."

"होते," फणींद्र म्हणाला.

ती उठून गेली. आठवडाभर तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. मग एका रविवारी सकाळी दोघं पुन्हा आमच्या टेबलाशी येऊन बसली. स्वतःच्या घरून फोन करायचं तिला धाडस होईना म्हणाली. आमचे हे उठून दुसऱ्या खोलीत गेले.

"नान्ना." तिनं डोळे मिटून घेतले होते. "नान्ना, त्यानंच ठेवला होता."

पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचं रडणं ऐकू यायला लागलं, दाबून धरलेलं आणि मग न दाबलेलं.

"मला माहीत होतं. मला माहीत होतं गं पोरी. तू एकटीनं कसं काढलंस? मी तुला काय काय बोललो." मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग अगदी हळू, "जेवलीस का?"

बिंदूनं ओढणी तोंडात कोंबली. ती नुसती मान हलवत होती, जणू त्यांना दिसतंय. फणींद्रनं फोन तिच्या जवळ सरकवला आणि खुणेनं सांगितलं, बोल.

"जेवले नान्ना."

"एकटीच ये. तिकीट मी काढतो. त्याच्या पैशाचं नको."

ती गेली. फणींद्रनं तिला विमानतळावर सोडलं आणि परत येताना आमच्याकडे जेवला. घड्याळ त्यानं सामानात दिलं नव्हतं. मी विचारलं नाही, पण त्यानंच सांगितलं, "दुकानात परत केलं. पावती होती."

बिंदू जुलैत परत आली. त्या संध्याकाळी ती तशीच, प्रवासाच्या कपड्यांत, माझ्याकडे लोणच्याची बरणी द्यायला आली. चेहरा भरला होता, हातांत नव्या बांगड्या होत्या. मला आनंदच झाला. मी विचारलं, निघू दिलं का सुखानं? तर म्हणाली, परत जाते म्हटल्यावर दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग आईच म्हणाली की संसार तिचा आहे, तिला जाऊ द्या. नान्ना हैदराबादच्या विमानतळापर्यंत सोडायला आले. सगळा रस्ता तिचा हात हातात धरून होते, लहानपणी धरायचे तसा.

"चांगलं झालं की," मी म्हटलं.

"हो." ती बरणीचं झाकण उगाच घट्ट करत राहिली. "आत जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं अक्का. विचारलं, तो तुला मारतो का? मी म्हटलं नाही नान्ना, कधीच नाही, तो फार चांगला आहे. शपथ घेतली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, घाबरू नकोस, खरं सांगायची भीती वाटत असेल तर नको सांगूस. मला कळतं सगळं."

मी तिच्या हातातून बरणी काढून घेतली. झाकण कधीच घट्ट बसलं होतं.

खालून फणींद्र तिच्या दोन्ही जड बॅगा एकट्यानं जिन्यानं वर नेत होता. आमच्या दारापाशी टेकून त्यानं दम घेतला, आत डोकावला आणि हसून विचारलं, "बिंदू, मामय्या बरे आहेत ना?"

"बरे आहेत," ती म्हणाली. "तुमची चौकशी केली."